उघाडी कुणाला विचारून बसवायची?

नेरूळला पाम बीच रस्त्याच्या कडेला ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ आहे. पहाटेपासून तिथे पाण्याभोवती फेऱ्या मारणाऱ्यांची वर्दळ असते. बाहेरगावचा पाहुणा आला की आम्ही कॉलनीवाले त्याला हमखास तिथे नेतो, आणि तोही हमखास विचारतो, ‘तळं छान आहे हो, किती जुनं?’ मी बरीच वर्षं ‘असेल जुनं’ म्हणून वेळ मारून नेली. तळं कसलं, ते शहराचे पाय कोरडे ठेवायला केलेलं भांडं आहे, हे कळायला मला फार उशीर झाला. कागदोपत्री त्याचं नाव होल्डिंग पाँड, मराठीत धारण तलाव. वाशीला मिनी सीशोरवर भेळ खाताना समोर जे पाणी दिसतं, तेही त्याच कुळातलं.

आता या भांड्याचं काम काय? नवी मुंबईचा बराचसा भाग खाडीकाठच्या सखल, खारट जमिनीवर भराव टाकून वसला. भरतीला खाडीची पातळी यातल्या काही भागांपेक्षा वर जाते. पावसाचं पाणी छपरावरून गटारात, गटारातून नाल्यात आणि नाल्यातून खाडीत जायला हवं. पण नेमकी भरती असली तर खाडी ते घेत नाही, उलट तिचंच पाणी नाल्यांतून आत शिरू पाहतं. म्हणून खाडी आणि नाला यांच्यामध्ये हे तलाव ठेवले आणि त्यांच्या तोंडाशी झडपा बसवल्या. भरती चढली की खाडीचं पाणी झडप दाबून बंद करतं, आणि तेवढा वेळ पाऊस तलावात साठतो. ओहोटी लागली की आतलं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं. ही डच पद्धत, असं आम्हाला नेहमी कौतुकाने सांगितलं जातं.

डचांचं श्रेय डचांना. पण हीच करामत या खाडीकाठच्या आगरी-कोळी गावांना सिडको, म्हणजे हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ, येण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती. तिचं नाव उघाडी.

उघाडी म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. खाडीकाठची जमीन पिकाखाली आणायची तर आधी मातीचा बांध घालून भरतीचं पाणी रोखायचं, याला खारबंदिस्ती म्हणतात. पण नुसता बांध घातला की पावसाचं पाणी आतच तुंबतं. म्हणून बांधात एक मोरी ठेवायची आणि तिच्या खाडीकडच्या तोंडाला वरून टांगलेलं दार बसवायचं. भरती ते लावते, ओहोटी ते उघडते. मोटर नको, वीज नको, माणूसही नको. माणूस लागतो तो देखभालीला: दारात ओंडका अडकला, खेकड्यांनी बांध पोखरला, गाळ साचला, हे बघायला. बंदिस्ती झाली की पावसाने मातीतला खार धुऊन जायला काही वर्षं लागतात, आणि मग ‘राता’सारखा खार सोसणारा तांबडा भात तिथे उभा राहतो. पनवेलला कोकण कृषी विद्यापीठाचं खारजमीन संशोधन केंद्र आहे, ते याच भातांवर काम करतं. जिथे भात नाही तिथे मीठ. मिठाचं आगर, आणि त्यावरून आगरी, असा त्या नावाचा उगम सांगतात. मिठागरातही खेळ तोच: पाणी कधी आत घ्यायचं आणि कधी कोंडायचं.

बांध एकट्याचा नसतो. एका ठिकाणी फुटला तर साऱ्या गावाचं शेत खारं होतं. म्हणून बांध राखण्याचं काम सामाईक असायचं, ज्याची जमीन आत त्याचा वाटा बांधाला. सरकारने खारजमिनींसाठी १९४८ साली कायदा केला आणि १९७९ साली तो नव्याने केला. पण कायद्याच्या आधीपासून चालत आलेली शिस्त गावांची होती. पुढे १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली, ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं आणि बांधाच्या आतली शेतं सेक्टर झाली. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले, शेतकरी नेते दि. बा. पाटलांचं नेतृत्व आणि घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत देण्याची योजना ही त्याच लढ्याची कहाणी. ती इथे सांगत बसत नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची. जमिनीचा मोबदला किती, यावर खूप बोललं गेलं. पाण्याचं जे शहाणपण त्या जमिनीबरोबर गेलं, त्याचा हिशेब कुणी मांडला नाही.

‘वारसा’ हा शब्द इथे येतो. ठाणेकरांना तो सोपा जातो, मासुंदा तलावाकडे बोट दाखवलं की झालं. नवी मुंबईत बेलापूरचा किल्ला सोडला तर बोट कशाकडे दाखवायचं हाच प्रश्न. शहराचं नावच ‘नवी’! वारसा म्हणजे जुनी दगडी इमारत, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पाण्याच्या वाटा इमारतीसारख्या उभ्या राहून दिसत नाहीत. त्या वाहतात, गाळाने भरतात आणि वास मारू लागल्या की ‘नाला’ होतात. नाल्याला कुणी वारसा म्हणत नाही.

जगात मात्र पाण्याच्या वाटांना वारसा म्हणायची पद्धत आता रुळली आहे. फ्रान्समधला दक्षिणेचा कालवा, कनाल द्यू मिदी, १९९६ साली जागतिक वारसा यादीत आला, ॲमस्टरडॅमच्या कालव्यांचं वलय २०१० साली आणि चीनचा महाकालवा २०१४ साली. इंग्लंडमधली गोष्ट जास्त बोलकी आहे. तिथले कालवे कोळसा आणि माल वाहायला खणलेले. आगगाडी आली आणि ते हळूहळू मागे पडले, काही तर बुजायला लागले. केनेट आणि एव्हन या नद्यांना जोडणारा कालवा असाच बंद पडला होता. स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं शनिवार-रविवार गाळ उपसून, दारं दुरुस्त करून तो जिवंत केला आणि १९९० साली राणीच्या हस्ते तो पुन्हा सुरू झाला. २०१२ पासून इंग्लंड-वेल्समधले बहुतेक कालवे सरकारी महामंडळाऐवजी एक धर्मादाय न्यास सांभाळतो. पण रविवारचे चार तास फुकट देऊ शकतो कोण? ज्याचा रविवार मोकळा आहे तो. ज्याला ओव्हरटाइम करावा लागतो, जिच्या कडेवर मूल आहे, जो चाकाच्या खुर्चीत आहे, ज्याला ती भाषा येत नाही, तो काठावर दिसतच नाही. मग कालवा वाचतो खरा, पण तो कुणाचा म्हणून वाचला हे त्या रविवारवाल्यांच्या चेहऱ्यावरून ठरतं. सर्वसमावेशक लोकसहभाग हा जड शब्द या एवढ्याच अडचणीतून निघाला आहे.

२००५ साली पोर्तुगालमधल्या फारो गावी युरोपातल्या देशांनी एक करार केला. त्यातली मधली कल्पना मला फार आवडते. वारसा कशाला म्हणायचं हे फक्त तज्ज्ञ ठरवणार नाहीत. एखादी गोष्ट ज्यांना मोलाची वाटते आणि पुढच्या पिढीला द्यावीशी वाटते, ती माणसं मिळून ‘वारसा समुदाय’ होतात. या मापाने सारसोळ्याच्या जेट्टीवरून होडी काढणारा कोळी, बांधाची चाकरी केलेला आगरी म्हातारा आणि ज्वेलभोवती फेऱ्या मारणारा माझ्यासारखा कॉलनीवाला, हे तिघे एकाच पाण्याचे वारसदार ठरतात. फक्त तिघांची तोंडं तीन दिशांना. कोळी त्या पाण्याला खाडी म्हणतो, म्हातारा खाजण, म्हणजे भरतीची खारी जमीन म्हणतो, मी लेक म्हणतो.

सहभागाला पायऱ्या असतात, हे १९६९ साली शेरी आर्नस्टाइन या अमेरिकन बाईंनी एका लेखात शिडी काढून दाखवलं. शिडीला आठ पायऱ्या. अगदी तळाशी लोकांना गुंडाळणं आणि त्यांची समजूत घालणं, हे सहभागाचं नुसतं सोंग. मधल्या पायऱ्यांवर माहिती देणं, मत विचारणं आणि एक-दोन माणसांना समितीत बसवून गप्प करणं. वरच्या पायऱ्यांवर भागीदारी, अधिकार सोपवणं आणि शेवटी लोकांच्याच हाती कारभार. शिडी जुनी झाली, तिच्यावर टीकाही पुष्कळ झाली, पण आपण कुठल्या पायरीवर उभे आहोत हे बघायला ती अजून कामाची आहे.

आपल्याकडे ‘हरकती व सूचना’ नावाची पायरी आहे. नवी मुंबई महानगरपालिका १९९२ साली स्थापन झाली आणि तिच्या पहिल्या विकास आराखड्याचा मसुदा २०२२ साली लोकांसमोर आला. हरकती-सूचना देणं हा कायद्याने दिलेला हक्क आहे आणि तो सोडू नये. पण शिडीवर बघाल तर तो मधल्याच पायऱ्यांवर येतो. नकाशा काढून झालेला असतो, रंग भरून झालेले असतात आणि मग तुम्हाला विचारतात, ‘काही म्हणायचंय?’ ज्याला नकाशा वाचता येतो, सर्व्हे नंबर आणि भूखंड जुळवता येतो, अर्ज लिहिता येतो, तो म्हणतो. बाकीच्यांना आपल्या होडीच्या वाटेवर कुठला रंग चढला हे कळेपर्यंत मुदत संपलेली असते.

मी स्वतः अशाच एका सुशोभीकरणाच्या सादरीकरणाला गेलो होतो. कुणाचं, ते राहू द्या. वातानुकूलित सभागृह, सकाळी अकराची वेळ, पडद्यावर हिरवळ, बाक आणि सायकल ट्रॅक. समोर आम्ही सोसायटीवाले, निवृत्त मंडळी आणि दोन-चार पक्षीप्रेमी. मी विचारलं, ‘कोळीवाड्यातून कुणी आलंय का?’ उत्तर मिळालं, ‘निमंत्रण पाठवलं होतं.’ निमंत्रण गेलंही असेल. पण तो उधाणाचा दिवस होता.

उधाण म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची मोठी भरती, आणि भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची मंद. डोल किंवा भोकशीसारखी जाळी पाण्याच्या ओढीवर मासा पकडतात. उधाणाला ओढ जोरात, म्हणून ते कामाचे दिवस. भांगाला ओढ मंदावते आणि हात मोकळे होतात. उधाणाच्या दिवशी अकरा वाजता बैठक ठेवायची आणि ‘ते लोक येत नाहीत’ असं टिपणात लिहायचं, हे दुकानदाराला ऐन दिवाळीत शिबिराला बोलावण्यासारखं आहे. मासे विकणाऱ्या मावश्यांचंही तसंच. त्यांचा बाजार जेव्हा भरात असतो तेव्हाच नेमकी आपली सभागृहं मोकळी असतात.

सर्वसमावेशक म्हणजे दार सगळ्यांना उघडं ठेवणं, एवढाच अर्थ घेतला तर फसगत होते. दार उघडं असतंच. प्रश्न असतो तो वेळेचा, जागेचा, भाषेचा आणि खर्चाचा. बैठक जेट्टीवर किंवा गावदेवीच्या देवळात झाली तर कॉलनीवाले पाहुणे होतील, आणि ते बरंच आहे. नाल्याकाठच्या वस्तीतल्या बाईची दिवसाची मजुरी बुडत असेल तर तिला तेवढं मानधन द्यावं. सल्लागार कंपनीला तिच्या वेळेचे पैसे मिळतात, मग तिला का नाहीत? मराठीबरोबर हिंदी तर हवीच, पण मराठी म्हणजे तरी कुठली? आगरी बोलीत ‘ड’चा ‘र’ होतो, घोडा घोरा होतो. सर्वेक्षण करणारी पोरं म्हाताऱ्याचं बोलणं उतरवताना ते ‘शुद्ध’ करून लिहितात आणि त्या धांदलीत पाण्याच्या वाटांची, वळणांची, डोहांची नावंच गाळतात. ध्वनिमुद्रण करा आणि शब्द जसा आला तसा लिहा. त्या नावांत कितीदा नकाशा लपलेला असतो.

आणखी एक माणूस सगळेच विसरतात: नालेसफाईचा कंत्राटी कामगार. पावसाळ्याआधी तो त्या गाळात उतरतो. कुठली झडप अर्धीच उघडते, कुठल्या वळणावर प्लास्टिकचा बांध तयार होतो, कुठून कारखान्याचं रंगीत पाणी येतं, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. नाल्याच्या वारशावर चर्चा होते तेव्हा त्याला खुर्ची नसते. यात जातीचा भाग किती आणि कंत्राटाचा किती, ते वाचणाऱ्याने ओळखावं.

समजा, बोलावलं सगळ्यांना. मग सगळं गोड होतं का? अजिबात नाही, उलट भांडण सुरू होतं. आमच्या धारण तलावांचंच घ्या. वर्षानुवर्षं गाळ साचला आणि गाळावर कांदळवन उगवलं. तलावाची पाणी साठवायची ताकद घटली. गाळ काढायचा तर कांदळवन तोडावं लागेल, आणि कांदळवनाला कायद्याचं भक्कम संरक्षण आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ पासून त्यावर कडक बंधनं घातली, आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात तर कांदळवनाचा नाश म्हणजे जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग असं म्हटलं. सार्वजनिक कामासाठी तोड करायची असली तरी न्यायालयाची परवानगी लागते. तळमजल्यावर पाणी शिरलेला रहिवासी म्हणतो, गाळ काढा. पर्यावरणवाला म्हणतो, आज तलावात परवानगी दिली तर उद्या खाडीत मागाल. कोळी म्हणतो, कांदळवन राहू दे, चिंबोरी आणि कोळंबी तिथेच वाढते, पण माझ्या होडीची वाट तेवढी मोकळी ठेवा.

तिघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. माझा कल कोळ्याच्या बाजूला झुकतो, कारण या तिघांत दोन टोकांच्या मधली वाट सांगणारा तोच आहे. कुठलं झाड पाण्याच्या तोंडात आहे आणि कुठलं काठाला आहे, हा फरक तो करू शकतो. उपग्रहाच्या चित्रात दोन्ही हिरवीच दिसतात. तोंड बंद झालं की काय होतं ते नेरूळकरांनी डीपीएस शाळेजवळच्या डीपीएस तलावावर पाहिलं आहे. खाडीचं पाणी आत यायची वाट अडली, तलाव कोरडा पडत गेला, २०२४ साली फ्लेमिंगोंवर संकट आलं आणि पक्षीप्रेमी रस्त्यावर उतरले. ठाणे खाडीला २०२२ साली रामसर क्षेत्राचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळालेला असताना हे घडलं. दर्जा कागदावर मिळतो, भरती मात्र मोरीतूनच आत येते.

आता एक धोका सांगतो, तो सोलमधला. तिथला चोंग्गेचोन ओढा शहराने काँक्रीटखाली गाडला होता आणि वर उन्नत मार्ग बांधला होता. तो मार्ग पाडून सुमारे पावणेसहा किलोमीटर ओढा पुन्हा उघडा केला आणि १ ऑक्टोबर २००५ रोजी तो लोकांना दिला. जगभरचे नगररचनाकार तो बघायला जातात आणि फोटो सुरेखच येतात. पण त्याच्या काठावरचे शेकडो फेरीवाले आधी एका जुन्या मैदानात हलवले गेले आणि पुढे ते मैदान पाडताना तिथूनही उठले. चाकाच्या खुर्चीतून पाण्यापर्यंत पोहोचणं अवघड आहे, अशी तक्रार दिव्यांगांच्या संघटनांनी केली. पाणीसुद्धा मुख्यतः पंपाने आणून सोडलेलं. ओढा परत आला, पण ओढ्याच्या काठाने जगणारी माणसं परत आली नाहीत. पाम बीचच्या कडेला आणखी एखादा ट्रॅक होईल तेव्हा भेळवाला, मासे सुकवायची जागा आणि जाळी विणायची सावली नकाशात आहे का, हे रंग भरायच्या आधी बघावं लागेल. उताराची वाटही तेव्हाच आखायची असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ती बंधनकारक केली आहे, आणि पायऱ्या बांधून झाल्यावर उतार काढणं किती महाग पडतं ते कुठल्याही ठेकेदाराला विचारा.

यातलं एवढं सगळं महापालिकेने करावं म्हणून वाट बघत बसायची गरज नाही. दहा-बारा जणांनी एक फेरी काढायला कुणाची परवानगी लागत नाही. पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या संध्याकाळी निघायचं, कारण आपल्या किनाऱ्याला त्या दिवशी भरती दुपारी बाराच्या सुमाराला भरते आणि सहा-साडेसहाला ओहोटी खाली गेलेली असते. इतर दिवशी पाऊणकीचा पाढा म्हणायचा, म्हणजे तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची: चार पाऊण तीन, म्हणजे चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास. आठ पाऊण सहा, अष्टमीला सहाला. खाडीत आत जावं तशी थोडी उशिरा धरायची. कोकणात हे गणित म्हाताऱ्यांना तोंडपाठ असतं, भ्रमणध्वनीवरचं ॲप नंतर आलं. फेरीत एक म्हातारा आगरी, एक मासे विकणारी मावशी, एक सफाई कामगार, एक शाळकरी पोर आणि चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी ढकलणारं कुणीतरी असावं. ज्या वळणावर ती गाडी अडेल तिथे खडूने खूण करायची.

तलावाच्या खाडीकडच्या तोंडाशी पोहोचलात की दहा मिनिटं नुसतं उभं राहायचं. झडप हलत असेल तर आतलं पाणी बाहेर पडताना दिसेल, आवाजही येईल. हलत नसेल तर बरोबरच्या म्हाताऱ्याला विचारायचं का हलत नाही, आणि तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचं. मग पुढची बैठक अष्टमीला ठेवायची, संध्याकाळी, जेट्टीवर.